पीसी स्लो झालाय! : पेठांतले छापखाने, एक्सपी आणि अँटिव्हायरस

1990 च्या सुमारास भारतात एक व्हायरस सापडला. नाव ‘जोशी’. तो डिस्कच्या बूट सेक्टरमध्ये दडून बसायचा आणि 5 जानेवारीला मशीन सुरू केलं की पडद्यावर फर्मान यायचं : ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करा. मुकाट्याने टाइप केलं की काम पुढे चालू, नाहीतर मशीन ठप्प. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबूनही तो हटायचा नाही, कारण ती तीन बटणं दाबल्याची खबर आधी त्यालाच लागायची. सदाशिव पेठेत यावरून किती जोश्यांची चेष्टा झाली असेल, ते सांगायला नको.

जोशी निदान वर्षातून एकदाच छळायचा. त्याला आणि त्याच्या भाऊबंदांना पकडायला जो अँटिव्हायरस आला, तो मात्र रोज मशीनवर असायचा. पुण्याच्या पेठांमध्ये कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, घ्यायची, स्कूटरला पिशवी अडकवायची आणि फोन येईल तिकडे जायचं. त्या फोनांमधलं सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे ‘पीसी स्लो झालाय’. या तक्रारीचा इतिहास हा आमच्या धंद्याचाच इतिहास आहे. त्यात मराठी छापखान्यांची बाजू कुणी फारशी मांडलेली नाही, म्हणून हा लेख.

ही तक्रार विंडोजपासून सुरू झाली असं अनेकांना वाटतं. पण ती डॉसच्या काळातली आहे. डॉसमध्ये प्रोग्रामला वापरायला मिळायची ती मुख्य मेमरी 640 केबी, मशीनमध्ये रॅम कितीही असली तरी. त्यात डॉसचा स्वतःचा वाटा, माउसचा ड्रायव्हर, प्रिंटरचं काहीबाही आणि वर अँटिव्हायरसचा सतत जागा राहणारा भाग. मॅकॅफीचा व्हीशील्ड असाच मेमरीत ठाण मांडून बसायचा. 1993 मध्ये एमएस-डॉस 6 आलं, त्याच्याबरोबर मायक्रोसॉफ्टनेही व्हीसेफ नावाचा असाच एक पहारेकरी दिला. पहारेकरी आला की हिशेब ज्यात चालायचा त्या फॉक्सप्रोला जागा कमी पडायची आणि वार्षिक हिशेबाचा रिपोर्ट मधेच अडकायचा. यावर हुशार ऑपरेटरचा तोडगा ठरलेला होता : मशीन सुरू होताना चालणारी ऑटोएक्झेक.बॅट ही फाइल उघडायची आणि अँटिव्हायरसच्या ओळीआधी आर, ई, एम ही तीन अक्षरं टाकायची. ओळ जागेवर राहायची, पण चालायची नाही. साहेबांना दाखवायला अँटिव्हायरस आहे आणि कामाला मेमरीही आहे, असा दुहेरी बंदोबस्त. संरक्षण की वेग, हा पेच तेव्हापासूनचा.

आपल्या देशात अँटिव्हायरस बनवणारे पुढे आले ते याच काळात. चेन्नईत के-7, मुंबईत ई-स्कॅन आणि पुण्यात काटकर बंधू. कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात ते हे काम शिकले आणि पुढे स्वतःचं दुकान काढलं. धाकटे संजय मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये तेच ते व्हायरस सापडत, म्हणून संजय यांनी ते काढणारे छोटे प्रोग्राम लिहिले आणि त्यातून क्विक हील उभं राहिलं. 1993 मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस हे नाव होतं, 2007 मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं आणि 2016 मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. आमच्या व्यवसायातल्या माणसांना याचं अप्रूप वाटतं, कारण हे सगळं सुरू झालं ते दुरुस्तीच्या टेबलावर.

तेव्हा अपडेट ही वस्तू हातात धरता यायची. आधी ती 1.44 एमबीच्या फ्लॉपीवर असायची, मग सीडीवर. चिप, डिजिट, पीसी क्वेस्ट या मासिकांबरोबर सीडी यायची. त्यात गेम आणि डेमोंच्या गर्दीत अँटिव्हायरसच्या नव्या फायलीही असायच्या. सर्व्हिस इंजिनिअर महिन्यातून एकदा येणार, सीडी लावणार, चहा घेणार आणि जाणार. इंटरनेट सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 ला सुरू केलं खरं, पण डायल-अपवर एक एमबी उतरवायला चार-पाच मिनिटं लागायची आणि तेवढा वेळ फोन अडकून राहायचा. म्हणून अपडेट महिन्याचंच बरं होतं. 26 एप्रिल 1999 ला सीआयएच व्हायरस भडकला. तैवानच्या एका विद्यार्थ्याने लिहिलेल्या या व्हायरसने हार्डडिस्कचा सुरुवातीचा भाग पुसला आणि काही मदरबोर्डांचा बायोसही खाल्ला. त्यानंतर महिन्याचं अपडेट पुरत नाही, हे गिऱ्हाइकांनाही कळलं. जानेवारी 2005 मध्ये बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं, तसं अपडेट रोजचं झालं. आता सीडी घेऊन कुणी येत नव्हतं. अपडेट स्वतःच यायचं आणि कधी यायचं ते आपल्याला विचारायचं नाही.

त्या वेळी मशीनवर विंडोज एक्सपी होतं. ऑक्टोबर 2001 मध्ये ते आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने किमान 64 एमबी रॅम मागितली होती, 128 असली तर उत्तम. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या भागांतून आम्ही जो ‘असेंबल्ड’ पीसी जोडायचो, त्यात 128 किंवा फार तर 256 एमबी रॅम आणि 40 जीबीची हार्डडिस्क असायची. त्यावर एक्सपी छान पळायचं. पुढे तेच मशीन जे रडायला लागलं, त्याचं कारण समजण्यासाठी अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या छापखान्यांत जावं लागेल.

मराठी डीटीपीचा, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरजुळणीचा, सगळा डोलारा पानं लावण्याचं पेजमेकर आणि मराठीची पॅकेजं या दोन खांबांवर उभा होता. सीडॅकचं आयएसएम, मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, आणि आकृती. प्रत्येकाचा कोड वेगळा. एका पॅकेजमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये नेला की पानभर किडेमुंग्या. काही पॅकेजं मशीनच्या मागे डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लावल्याशिवाय उघडायची नाहीत आणि जुनी डोंगलं प्रिंटर पोर्टात बसणारी. मशीन बदललं तर पोर्ट नाही, विंडोज बदललं तर डोंगलचा ड्रायव्हर नाही, आणि पॅकेजची नवी आवृत्ती घ्यायची तर पुन्हा पैसे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, 2001 मध्ये आली आणि तिला युनिकोड, म्हणजे सगळीकडे एकच कोड असलेली, देवनागरी कधीच कळली नाही. एक्सपीला युनिकोड यायचं, पण तेही आपल्याकडे आपोआप नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’वर खूण करायची आणि मग ते एक्सपीची सीडी मागायचं. सीडी सापडायची नाही. पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये मराठी युनिकोड नीट चालू लागलं ते 2012 च्या सीएस 6 पासून. म्हणजे पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका, दिवाळी अंक, शाळांच्या स्मरणिका आणि पीएचडीचे प्रबंध ज्या फायलींत होते, त्या जुन्या मशीनवर, जुन्या विंडोजवरच उघडायच्या. छापखान्याचे मालक कंजूष म्हणून एक्सपी टिकलं, असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या फायली उघडून दाखवाव्यात.

याला दुसरी एक बाजू आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. पेठांतल्या बहुतेक मशीनवरचं एक्सपी विकत घेतलेलं नव्हतं. 2006 पासून मायक्रोसॉफ्टने खोट्या प्रतींवर ‘तुमची फसवणूक झालेली असू शकते’ असा इशारा द्यायला सुरुवात केली. तो दिसू नये म्हणून सगळ्यांनी एकच उपाय केला : विंडोजचं ऑटोमॅटिक अपडेट बंद. त्यामुळे भिंतीला पडलेली भोकं बुजायची थांबली आणि राखणीचा सगळा भार एकट्या अँटिव्हायरसवर आला. 23 ऑक्टोबर 2008 ला मायक्रोसॉफ्टने एक तातडीचं पॅच दिलं. पुढच्याच महिन्यात त्याच भोकातून कॉन्फिकर नावाचा वर्म जगभर घुसला. ज्यांनी पॅच टाकलं ते वाचले. आमच्याकडे अँटिव्हायरस तो पकडायचा, पुसायचा आणि लॅनवरच्या शेजारच्या मशीनवरून तो पुन्हा यायचा. दिवसभर हीच झटापट चालायची आणि त्या झटापटीत पीसी दमायचा.

भरीला पेनड्राइव्ह. गिऱ्हाईक मजकूर पेनड्राइव्हवर आणायचं आणि पेनड्राइव्ह आधी सायबर कॅफेत फिरून आलेला असायचा. ‘न्यू फोल्डर’ नावाची, फोल्डरचं चित्र लावलेली पण शेवटी ‘ईएक्सई’ असलेली फाइल त्या काळात कुणी पाहिली नाही असं नाही. एक व्हायरस तर ऑर्कुट उघडलं की ते बंद करून वर ‘ऑर्कुटवर बंदी आहे’ असं दटावायचा. काही मालकांना तो आवडला होता.

व्हायरस वाढले तशा त्यांच्या ओळखखुणाही वाढल्या. एकट्या सिमँटेक या अँटिव्हायरस कंपनीने 2008 या एका वर्षात 16 लाखांहून जास्त नव्या ओळखखुणा तयार केल्या, आणि तोवरच्या सगळ्या वर्षांच्या बेरजेतला अर्ध्याहून मोठा वाटा त्या एका वर्षाचा होता. आमच्या तक्रारीचं मूळ इथे आहे. ओळखखुणांची ही यादी डिस्कवर पडून राहिली असती तर फरक पडला नसता, पण तपासणी वेगात व्हायची तर यादी रॅममध्ये हवी. 2001 मध्ये घेतलेल्या मशीनची रॅम तेवढीच राहिली आणि यादी रोज फुगत गेली. 2008-09 पर्यंत बऱ्याच अँटिव्हायरसच्या डब्यावर किमान गरज म्हणून 256 एमबी छापलेलं असायचं, म्हणजे छापखान्यातल्या मशीनमध्ये होती नव्हती तेवढी सगळी.

अँटिव्हायरसचं काम दोन प्रकारचं असतं. ठरलेल्या वेळी सगळी डिस्क चाळणं हे एक. पण खरं काम दुसरं : कुठलीही फाइल उघडली की ती प्रोग्रामच्या हाती पडण्याआधी अडवून तपासायची. जुन्या पुणेकरांना जकात नाका आठवत असेल. ट्रकमध्ये काही नसलं तरी थांबावं लागायचंच. डीटीपीच्या मशीनवर असे ट्रक शेकड्यांनी. पेजमेकर सुरू झालं की फिल्टर आणि प्लग-इन वाचतं, फॉन्ट शोधतं, पानावर लावलेली चित्रं उघडतं, आणि त्यातल्या प्रत्येक फाइलला नाका.

एका छापखान्यातला असा एक दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. दिवाळी अंकाचे फॉर्म सुटायचे होते. ऑपरेटर ताईंनी दहाच्या सुमारास मशीन सुरू केलं. डेस्कटॉप आला, कोपऱ्यात अँटिव्हायरसचं चिन्ह आलं आणि लगेच अपडेट सुरू झालं. पेजमेकरवर दोनदा क्लिक केलं तर पॉइंटरच्या जागी वाळूचं घड्याळ. कॅबिनेटवरचा हार्डडिस्कचा लाल दिवा लुकलुकायचा सोडून सलग पेटलेला. टास्क मॅनेजर उघडायलाच मिनिटभर गेलं. तळाला ‘कमिट चार्ज’ हा आकडा असतो. तो 400 एमबीच्या पुढे गेलेला, आणि मशीनमध्ये रॅम 256. उरलेलं सगळं हार्डडिस्कवरच्या पेज फाइलमध्ये चाललेलं. त्याच डिस्कवरून अँटिव्हायरस वाचतोय, त्याच डिस्कवर अपडेट उतरतंय आणि त्याच डिस्कवरून पेजमेकर उठायचा प्रयत्न करतोय. नवी यादी आली की ती जुनीच्या शेजारी मेमरीत चढते, मग जुनी उतरते आणि मग सुरुवातीच्या फायलींची पुन्हा एकदा तपासणी होते. तेवढी मिनिटं सगळ्यात वाईट. मालक मागे उभे. म्हणाले, “अहो, ह्यापेक्षा तो व्हायरस परवडला. निदान काम तरी करू देतो.”

त्यातच वार शुक्रवार. गुरुवारी काम कमी असतं म्हणून कुणीतरी आठवड्याचा पूर्ण स्कॅन गुरुवारी दुपारी लावून ठेवला होता. पुण्यात देखभालीसाठी वीज जाते तीही गुरुवारीच. हुकलेला स्कॅन शुक्रवारी सकाळी मशीन सुरू होताच आपलं राहिलेलं काम पुरं करायला बसायचा.

अशा वेळी आम्ही काय करायचो? स्कॅनची वेळ जेवणाच्या सुट्टीत ढकलायची. फॉन्टचे आणि जुन्या कामाचे फोल्डर तपासणीतून वगळायचे. रॅम वाढवायची, पण तिथेही गंमत होती : जुन्या प्रकारची डीडीआर रॅम बनायची कमी झाली तशी ती नव्या डीडीआर-2 पेक्षा महाग झाली. आणि अँटिव्हायरसच्या नावाने बोटं मोडण्याआधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये एक गोष्ट बघायची. डिस्कशी बोलताना सहा वेळा चूक झाली की एक्सपी गुपचूप डीएमए ही वेगवान पद्धत सोडून पीआयओ या जुन्या, मंद पद्धतीवर उतरतं आणि परत वर येत नाही. आयडीई चॅनेल काढून टाकायचा, मशीन परत सुरू करायचं, की विंडोज तो नव्याने शोधतं आणि वेग परत येतो. कितीतरी मशीन या एका उपायाने सुधारली आणि अँटिव्हायरसवरचा आरोप तेवढ्यापुरता मागे घेतला गेला.

हे दुखणं एकट्या पेठांचं नव्हतं. 21 एप्रिल 2010 ला मॅकॅफीने 5958 क्रमांकाची यादी पाठवली. त्या यादीला एक्सपीची स्वतःची ‘एसव्हीसीहोस्ट’ ही फाइल व्हायरस वाटली. जगभरातली एक्सपी मशीन बंद होऊन पुन्हापुन्हा सुरू होऊ लागली. अमेरिकेतली विद्यापीठं, इस्पितळं, पोलिसांची कार्यालयंही त्यात सापडली. आणि 2013 च्या शेवटी विंडोज अपडेटनेच एक्सपीचा जीव घेतला. नवं पॅच बऱ्याचदा जुन्या पॅचची जागा घेतं. कुणी कुणाची जागा घेतली याची साखळी तपासता तपासता प्रोसेसर 100 टक्क्यांवर जाऊन तासन्‌तास तिथेच राहायचा. मायक्रोसॉफ्टने हे दुरुस्त केलं जानेवारी 2014 मध्ये आणि 8 एप्रिल 2014 ला एक्सपीचा आधारच काढून घेतला. घराची गळती थांबवून तीन महिन्यांत घर पाडण्यातला हा प्रकार.

आधार संपला, पण मशीन संपली नाहीत. अँटिव्हायरसवाले आणखी काही वर्षं एक्सपीसाठी याद्या पाठवत राहिले आणि लोकांना वाटलं, आपण सुरक्षित आहोत. ते खरं नव्हतं. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारं रॅन्समवेअर आलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टला तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीही पॅच काढावं लागलं. जून 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं की एटीएममधलं एक्सपी टप्प्याटप्प्याने जून 2019 पर्यंत काढा. त्याच आदेशात एटीएममध्ये व्हाइटलिस्टिंग बसवायला सांगितलं होतं. म्हणजे वाईटांची लांबत जाणारी यादी तपासत बसण्यापेक्षा, चालू द्यायच्या चार प्रोग्रामांची छोटी यादी ठेवायची आणि बाकी सगळ्यांना मज्जाव करायचा. ठरावीकच काम करणाऱ्या जुन्या मशीनला हेच औषध लागू पडतं.

आम्हीही आमच्या पद्धतीने तिथेच पोचलो होतो. छापखान्यात दोन मशीन ठेवायची. एक नवं, इंटरनेटचं. गिऱ्हाइकांच्या मेल आणि पेनड्राइव्ह त्यावर, अँटिव्हायरसही त्यावरच. दुसरं जुनं, डोंगलवालं. त्याची लॅनची वायर काढलेली, यूएसबी बंद, वरचा अँटिव्हायरस पुसून टाकलेला. मजकूर नव्या मशीनवर तपासून सीडीवर घालायचा आणि मग जुन्यावर न्यायचा. अँटिव्हायरस काढल्यावर ते जुनं मशीन पहिल्या दिवसासारखं पळायचं. ज्यांनी वायर न काढता नुसता अँटिव्हायरस काढला, त्यांचं मशीन मात्र थोड्याच दिवसांत फॉरमॅट मारायला आमच्याकडे यायचं.

माझं मत विचाराल तर गुन्हेगार अँटिव्हायरस नव्हता. त्याला यादी वाढवावीच लागणार होती. गिऱ्हाईकही नव्हतं. त्याचं काम जुन्या फॉन्टला बांधलेलं होतं. पण ‘जुनं मशीन आहे ना, मग अँटिव्हायरस टाका म्हणजे झालं’ हा सल्ला चुकीचा होता आणि आमच्या धंद्याने तो सर्रास विकला. अपडेट बंद पडलेल्या विंडोजवर रोज अपडेट होणारा अँटिव्हायरस चालवला तर वेगही जातो आणि सुरक्षितताही मिळत नाही.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चाही नेहमीचा आधार संपला आणि तोच सल्ला पुन्हा ऐकू येतोय. म्हणून छापखानेवाल्यांना, ग्रंथालयांना, दिवाळी अंकांच्या संपादकांना आणि शाळांना एक सांगणं आहे. तुमच्याकडे जुनं मशीन असेल तर आधी विचारा की ते नेमकं कशासाठी ठेवलंय. फक्त जुन्या फायलींसाठी असेल तर त्याची इंटरनेटची वायर आजच काढा. आणि त्या फायलींमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणून घ्या. डोंगल कधीतरी जळणार आहे, हार्डडिस्क कधीतरी बसणार आहे, आणि त्यानंतर तो फॉन्ट उघडून देणारा माणूस पेठेत सापडणार नाही.